युद्धखेळातील मूर्तींचे रंगकाम

टेबलावर मांडलेल्या युद्धखेळांत फासे टाकतात, फूटपट्टीने अंतर मोजतात आणि लहान सैनिकमूर्ती पुढेमागे सरकवतात. या मूर्ती हाताने रंगवण्याचा छंद आणि त्यातून उभा राहिलेला जोडधंदा यांची ही नोंद. मूर्तींना मिनिएचर म्हणतात, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसते ‘मिनी’. कांगडा किंवा राजस्थानी लघुचित्रांशी नावापलीकडे त्यांचे काही नाते नाही. सर्वांत रूढ माप २८ मिलिमीटर, म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंतचा माणूस जेमतेम इंचाहून किंचित उंच. १५ आणि ६ मिलिमीटरच्याही मूर्ती असतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा यांच्यापुढे धिप्पाड दिसेल.

मावळा बाजारातून रंगून येतो, ही मूर्ती तशी येत नाही. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना हात, डोकी, बंदुका सुट्या सुट्या चिकटलेल्या असतात. कापणे, कडा तासणे, जोडणे आणि रंगवणे ही सगळी कामे विकत घेणाऱ्यानेच करायची. चाळीस-पन्नास शिपायांची फौज उभी राहीपर्यंत महिने जातात. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत खेळ हे निमित्तच उरते. वर्षानुवर्षे मूर्ती रंगवणारे आणि एकही डाव न खेळलेले लोक या छंदात थोडेथोडके नाहीत.

पूर्वपीठिका

युद्धखेळ जुना आहे, रंगकाम मात्र त्यात उशिरा आले. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फॉन रायस्वित्झ यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘क्रीगस्पील’ नकाशावर निळ्या-तांबड्या ठोकळ्यांनी खेळत. त्यात शिपायांच्या मूर्ती नव्हत्या. ब्रिटनमध्ये ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ असे धातूचे शिपाई ओतायला सुरुवात केली. ते ५४ मिलिमीटरचे असत आणि कारखान्यातूनच रंगून येत. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले ते याच खेळण्यांच्या जिवावर. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे बिनरंगी, स्वस्त प्लास्टिक शिपाई आले आणि ब्रश खेळणाऱ्याच्या हातात गेला. ते प्लास्टिक मऊ होते. भाला जरा वाकला की त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येई. जुने रंगारी अजून त्याची आठवण काढतात, आणि ती प्रेमाची नसते.

आजचा छंद मुख्यतः इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराभोवती वाढला. लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या पाठबळावर १९७९ मध्ये जवळच्या नेवार्क येथे सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये दूरच्या भविष्यकाळात घडणारा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ आले. मूर्ती ओतणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या या भागात इतक्या जमल्या की त्याला गमतीने ‘शिशाचा पट्टा’ असे नाव पडले. पुढे १९९० च्या दशकात बहुतेकांनी मिश्रधातूतून शिसे काढून टाकले. ते बरेच झाले, कारण ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची खोड या लोकांना तेव्हाही होती आणि आजही आहे. ज्या कंपनीच्या मालाचे अर्धे काम गिऱ्हाईकच करतो, ती गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली.

उजेड रंगवावा लागतो

या कलेचे मर्म एका अडचणीत आहे. खऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्यांत सावली साचते आणि खांद्यावर ऊन पडते, म्हणून तो गोलाईदार दिसतो. इंचभर मूर्तीवरही तोच उजेड पडतो, पण तिच्या चुण्या केसाएवढ्या उथळ असतात. हातभर अंतरावरून त्यातली सावली डोळ्यांना जाणवत नाही. लाल झगा नुसता लाल रंगवला तर तो चपटा, खेळण्यातला दिसतो. म्हणून खोलगट भागात सावली आणि उंचवट्यांवर उजेड, दोन्ही रंगानेच मांडावे लागतात आणि तेही वास्तवापेक्षा ठळक. शेवटच्या रांगेतून चेहरा वाचता यावा म्हणून नट रंगपटात भुवया जाड करतो, तसाच हा प्रकार आहे. जवळून पाहिले तर भडक आणि टेबलावर ठेवले की जिवंत.

हे साधण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. सर्वांत सोपी तऱ्हा ‘वॉश’ची. पातळ काळा किंवा तपकिरी रंग मूर्तीवर सोडला की तो आपणहून खाचांत जाऊन बसतो. सिटाडेलच्या नल्न ऑइल आणि ॲग्रॅक्स अर्थशेड या दोन बाटल्यांना रंगारी ‘पातळ केलेली प्रतिभा’ म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. दुसरी तऱ्हा कोरड्या ब्रशची. ब्रशवरचा रंग कागदावर पुसून जवळजवळ संपवायचा आणि मग मूर्तीवरून हलकेच फिरवायचा. उरलासुरला रंग फक्त उंचवट्यांना लागतो. केस, फर, साखळीचे चिलखत यांना हे उत्तम. गुळगुळीत कापडावर मात्र ते खडू फासल्यासारखे दिसते. फाउंड्री ही कंपनी प्रत्येक रंग सावली, मूळ आणि उजेड अशा तीन छटांच्या संचात विकते. ऐतिहासिक फौजा रंगवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्या तीन बाटल्यांवर शिकली. त्याच्या उलट टोकाला १९९७ मध्ये सुरू झालेली फ्रान्समधील राकाम कंपनी. तिच्या रंगाऱ्यांनी तलवारीची चकाकी चंदेरी रंगाने न दाखवता करडा, निळा आणि पांढरा एवढ्यांतून उभी करण्याची पद्धत लोकप्रिय केली. छायाचित्रात ती विलक्षण दिसते. हातात घेऊन मूर्ती फिरवली की कधी कधी फसगत उघडी पडते.

२०१९ मध्ये सिटाडेलने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. फिकट प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी दिलेल्या अस्तरावर, एकच थर द्यायचा, सावली आणि उजेड दोन्ही त्यातच होतात. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, पण ज्यांच्या फौजा दहा दहा वर्षे करड्या पडून होत्या त्या रंगल्या. बाकी कोणतीही पद्धत असो, रंग पाणी घालून पातळ करणे आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर देणे हा पहिला धडा. डंकन ऱ्होड्स या ब्रिटिश रंगाऱ्याच्या चित्रफितींमुळे ‘दोन पातळ थर’ हे शब्द इतके रुळले की पुढे त्याने स्वतःच्या रंगांनाही तेच नाव दिले. पातळ केलेला ॲक्रिलिक लवकर वाळतो. त्यावर तोड म्हणून ओली रंगथाळी वापरतात. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि कागदावर रंग, एवढाच तिचा पसारा. मे महिन्यात पंख्याखाली बसणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

डोळे हा स्वतंत्र विषय आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती जाणत्या हाताकडे असते. मिनी रंगवणारे पुष्कळदा उलट करतात. डोळे आधी रंगवतात, कारण हात घसरला तरी भोवतालच्या कातडीच्या रंगाने चूक झाकता येते. आधी मळकट पांढऱ्याचा आडवा ठिपका, त्यावर काळ्याची उभी रेघ, मग वरून-खालून कातडीचा रंग आणून डोळा बारीक करायचा. शुद्ध पांढरा वापरला, किंवा काळा ठिपका मधोमध सुटा राहिला, की शूर सेनापती भूत पाहिल्यासारखा दिसतो. नेपोलियनकालीन फौजा रंगवणारे बरेच जण डोळे रंगवतच नाहीत. टोपीखाली एक गडद सावली टाकतात आणि तीन फुटांवरून ते अधिक खरे वाटते.

ब्रश

उत्तम ब्रश कोलिन्स्की केसांचा मानतात. हा केस सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचा. विन्सर अँड न्यूटनची ‘सीरिज ७’ ही प्रसिद्ध मालिका १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी म्हणून तयार झाली. नवशिक्याला वाटते की बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रश हवा. तसे नाही. शून्य किंवा एक क्रमांकाच्या चांगल्या ब्रशच्या पोटात रंग राहतो आणि टोक सुईसारखे होते. तीन शून्यांच्या ब्रशवरचा थेंब मूर्तीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो.

येथे भारताचा थेट संबंध येतो. हा प्राणी हिमालयातही आढळतो आणि वन्यजीव व्यापाराच्या साइट्स करारात तिसऱ्या परिशिष्टावर त्याचे नाव भारताच्या विनंतीवरून आहे. त्यामुळे कोलिन्स्की ब्रश देशोदेशी पाठवताना कागदपत्रांची कटकट होते. भारतातील मुंगसाच्या केसांच्या ब्रशची गोष्ट त्याहून वाईट. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे असे ब्रश विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. कृत्रिम केसांचे ब्रश आता पुरेसे चांगले मिळतात. त्यांचे टोक लवकर आकडीसारखे वळते, एवढीच तक्रार.

धंदा

जोडधंद्याचे मूळ दुसऱ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या छंदात आहे. खोकी घेतली जातात, उघडली जातात आणि करड्या ढिगात जाऊन पडतात. या ढिगाला छंदातले लोक ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. त्यात २०२० पासून वॉरहॅमर ४०,००० च्या नियमांत पूर्ण रंगवलेल्या फौजेला शंभरपैकी दहा गुण आपसूक मिळू लागले. स्पर्धेत उतरायचे, पैसा आहे पण वेळ नाही, असा गिऱ्हाईक मग रंगाऱ्याकडे येतो. अशा कामाला ‘कमिशन’ म्हणतात.

व्यवहाराची रीत साधारण ठरलेली आहे. आधी दर्जा ठरतो. टेबलावर बरी दिसेल अशी, त्यावरची बारीक कामाची आणि काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी, अशा तीन-चार पायऱ्या असतात. मग एक मूर्ती नमुना म्हणून रंगवून तिचा फोटो पाठवतात, होकार आला की विसार घेतात आणि काम सुरू होते. पन्नास मूर्ती एकेक करून कोणी रंगवत नाही. पंगतीत वाढपी जसा भाजीचे भांडे घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो आणि मगच वरण आणायला वळतो, तसे आधी सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांचे हात. पन्नासावे पान वाढून होईपर्यंत पहिले वाळलेले असते, हा त्यातला फायदा. सत्ताविसाव्या बुटाला आपण हे का करतो आहोत असा प्रश्न पडतो, हा तोटा.

हिशेब मात्र कोणालाही सुखावणारा नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षे आणि त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. जोडणी, प्रायमर आणि वार्निश धरून एका शिपायाला दोन तास लागले असे समजू. किमान वेतनानेच मजुरी २४ पौंडांवर जाते आणि त्या शिपायाचे प्लास्टिक असते तीन-चार पौंडांचे. एवढा भाव साध्या पायदळाला कोणी देत नाही. मग रंगारी वेळ कापतो, किंवा स्वतःचे तास मोजणेच सोडून देतो. दुसऱ्या प्रकारचे लोक अधिक, आणि तेच बाजारभाव पाडतात. आपल्या नोकरीचा पगार घरखर्चाला आणि रंगकामाचे पैसे नव्या खोक्यांना, असा त्यांचा हिशेब. त्यात चूक काही नाही, पण शेजारी बसून त्याच कामावर घर चालवू पाहणाऱ्याची त्याने अडचण होते. श्रीलंकेतून युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी फौजाच्या फौजा रंगवून देणाऱ्या कार्यशाळा निघाल्या, त्या मजुरीच्या याच हिशेबावर. नाव झालेले रंगारी पुढे शिकवण्याकडे वळतात, शिकवण्या घेतात किंवा चित्रफिती काढतात. गेम्स वर्कशॉपच्या ‘गोल्डन डेमन’ या १९८७ पासूनच्या स्पर्धेतील सर्वोच्च बक्षीस म्हणजे खरीखुरी मोठी तलवार. ती ज्याच्या भिंतीवर टांगलेली आहे त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

आणखी एक वाट जुन्या मूर्तींची. कोणीतरी लहानपणी इनॅमल थापलेल्या मूर्ती ढिगाने घ्यायच्या, रंग उतरवायचा आणि नव्याने रंगवून विकायच्या. रंग उतरवायला ब्रिटनमध्ये चक्क डेटॉल वापरतात. दिवसभर बुडवून ठेवले की रंग सुटतो, पण तेव्हाच पाणी लागले तर त्याचा चिकट राळेसारखा लगदा होतो. म्हणून पहिला हात डेटॉलमध्येच घासायचा, पाणी नंतर. लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘व्यावसायिक रंगकाम’ असे लिहिलेली मूर्ती दिसली की अनुभवी माणूस आधी फोटो मोठा करून पाहतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

काही ब्रिटिश कंपन्यांच्या यादीत मराठा फौजांच्या मूर्ती आहेत. निमित्त असते २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईचे. आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावी ब्रिटिश सेनापती वेल्स्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. रंगवणाऱ्याची येथे एक चूक हमखास होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शिलेदारांचे घोडदळ यांना तो एकाच भगव्या-पांढऱ्यात बुडवतो, जणू सगळे एकाच नाटकातले.

भारतात छंद महाग पडतो. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मूर्तींचा संच खेळणे म्हणून गणला गेला की किंमत टपालाच्या दारातच फुगते. साहजिकच अनेक जण घरच्या रेझिन प्रिंटरकडे, म्हणजे अख्खी मूर्तीच छापणाऱ्या यंत्राकडे, वळले. छापलेली मूर्ती रंगवण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन अतिनील दिव्याखाली पक्की करावी लागते. नाहीतर रंग चिकट राहतो. फवाऱ्याच्या प्रायमरचे दुखणे वेगळे. हवा दमट असेल तर पृष्ठभाग सँडपेपरसारखा इतका खरखरीत होतो, की त्यावर कितीही सफाईने रंगवा, चेहऱ्यावर देवीचे व्रण उठल्यासारखे दिसतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा डबा कपाटात ठेवावा आणि प्रायमर ब्रशनेच लावावा.