रॅम्पचा एफटीपी आणि वीस मिनिटांचा एफटीपी

पावसाळा लागला की बेळगावातल्या सायकलवाल्यांचं जांबोटीकडे जाणं कमी होतं, घरोघरी ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) लागतात आणि दरवर्षीचा प्रश्न येतो: वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) २३९ वॅट होता, रॅम्प टेस्टमध्ये २५५ कसा आला? फिटनेस वाढला, की वॅट मोजणारं मीटर बिघडलं? बहुतेक वेळा दोन्ही नाही.

वीस मिनिटांची टेस्ट सगळ्यांना पाठ आहे. वॉर्म-अप, पाच मिनिटं जीव तोडून, थोडं हलकं, मग वीस मिनिटं पूर्ण जोर आणि सरासरीचे ९५ टक्के. आधीची ती पाच मिनिटं मात्र गाळू नका. ताज्या पायांनी केलेल्या टेस्टचा आकडा फुगतो.

खरी गल्लत रॅम्पमध्ये होते. तिथे दर मिनिटाला साधारण २० वॅट वाढतात, पाय थांबले की टेस्ट संपली. सर्वांत जोरदार एका मिनिटाचे ७५ टक्के म्हणजे एफटीपी. ३४० वॅट मारले, २५५ मिळाले. पण हे ७५ टक्के सरासरी माणसाचे. शेवटची दोन-तीन मिनिटं माणूस थ्रेशहोल्डच्या, म्हणजे एफटीपीच्या पातळीच्या, बऱ्याच वर असतो; तिथे अ‍ॅनएरोबिक ताकद, म्हणजे थोडाच वेळ पुरणारा जोर, कामाला येते. ज्याच्याकडे ती भरपूर, जो राजहंसगडाचा छोटा चढ एका दमात मारतो, त्याला रॅम्प जास्त आकडा देतो. जो केरीहून चोर्ला घाट एका लयीत चढतो, त्याला बहुधा कमी.

आणि एफटीपी तर साधारण तासभर टिकायला हवा. २३९ वाल्याने २५५ धरून थ्रेशहोल्डची इंटरव्हल्स (मध्ये विश्रांती घेत मारलेले ठरावीक वेळेचे तुकडे) केली, तर तो १०७ टक्क्यांवर, म्हणजे व्हीओटू मॅक्सच्या, काही मिनिटंच टिकणाऱ्या वरच्या झोनमध्ये जातो. दुसऱ्या इंटरव्हलला पाय जड होतात आणि पोरं म्हणतात, "आज दम नव्हता." दम होता रे, आकडा चुकीचा होता!

रॅम्प सोपी, लवकर आटपणारी, पेसिंगची, म्हणजे जोर बेताने वाटून वापरण्याची, कटकट नाही. नवख्याने तीच करावी. पण ट्रेनिंग आखायला मी वीस मिनिटांचीच धरतो. कुठलीही करा, दर वेळी तीच, त्याच मीटरवर आणि घरात असाल तर समोर मोठा पंखा लावून. जुलैतल्या रॅम्पची तुलना डिसेंबरातल्या वीस मिनिटांशी करून "सोळा वॅट गेले" म्हणत बसू नका. आकड्याबद्दल शंका असेल तर त्यावर वीस-वीस मिनिटांची दोन इंटरव्हल्स करून बघा. दुसरी अर्ध्यात सुटली, तर पाच टक्के उतरवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा.