विद्यार्थी प्रतिनिधी: निवडलेला की स्वीकृत?

जून-जुलैत सातारा-सांगलीतल्या बऱ्याच झेडपी शाळांत मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज, माघार, चिन्हं, बोटाला शाई, सगळं रीतसर. अलीकडे चिठ्ठ्यांच्या जागी मोबाइल आलाय. बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा लांबलचक आवाज येतो. मतदान अधिकारी सातवीचे आणि रांगेत पहिलीपासूनची पोरं. त्यातून मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री ठरतात. पण शाळेचा पैसा आणि विकास आराखडा जिच्यापुढं येतो, त्या शाळा व्यवस्थापन समितीवरचे दोन विद्यार्थी या मतदानातून येत नाहीत.

मुलांवर जबाबदारी टाकणं आपल्या भागाला नवं नाही. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, स्वतः रांधून जेवली आणि राबून शिकली. शाळेचा कारभार मात्र मोठ्यांकडेच राहिला. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं आलेली जिल्हा स्कूल बोर्डं, मग १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पुढं ग्राम शिक्षण समित्या. यात पालकांनाच जागा मिळायला इतकी वर्षं लागली, तिथं मुलांचं कोण विचारणार?

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये समितीचे घटक सांगितलेत: लोकप्रतिनिधी, पालक आणि शिक्षक. तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, निम्म्या महिलांच्या. विद्यार्थ्यांचा उल्लेखच नाही. विद्यार्थी आला तो केंद्राच्या नियमांतून, आणि गुंता तिथंच सुरू झाला. पालक सोडून उरलेल्या पाव जागांचा एक तृतीयांश हिस्सा ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतील बालके’ यांच्यासाठी ठेवला गेला. त्यांपैकी कोणाला घ्यायचं हे समितीतल्या पालकांनी ठरवायचं. हा ‘किंवा’ मला आजही खटकतो. निवृत्त गुरुजी आणि चौथीतली मुलगी एकमेकांना पर्याय कसे होतील? आणि मुलांचा माणूस पालकांनी ठरवायचा, तर तो मुलांचा प्रतिनिधी कसा?

महाराष्ट्रानं एक पाऊल पुढं टाकलं. १२ ते १६ जणांच्या समितीबरोबर दोन विद्यार्थी आणि त्यांत किमान एक मुलगी, अशी रचना इथं रूढ झाली. पण शाळाशाळांचे फलक वाचत गेलं, तर त्यांच्या नावापुढं कुठं ‘सदस्य’ दिसतं, कुठं ‘स्वीकृत’, कुठं नुसतंच ‘विद्यार्थी प्रतिनिधी’. नगरपालिका जवळून पाहिलेल्याला यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही. स्वीकृत नगरसेवक सभागृहात बसतो, बोलतो, पण मताला हात वर करू शकत नाही. तोच शब्द मुलांना लावला की मतदानाचा प्रश्न न विचारताच निकाली निघतो. त्यात मराठीत ‘निवड’ म्हणजे निवडणूकही आणि मुख्याध्यापकांनी बोट दाखवणंही. ‘दोन विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली’ हे इतिवृत्तातलं वाक्य दोन्ही वेळा खरंच ठरतं.

मतदानाविरुद्ध एक मुद्दा नेहमी येतो: मूल अज्ञान आहे, त्याची सही चालत नाही. बँक खात्यापुरतं ते बरोबर आहे. पण धनादेशावर सही अध्यक्ष आणि मुख्याध्यापक करतात, बाकीचे पालक सदस्यही करत नाहीत. तरी त्यांना मत आहेच. खर्च आधी पिण्याच्या पाण्यावर की कुंपणावर, एवढं सांगायला सज्ञान असावं लागत नाही.

समितीसाठी हुशार मुलाचंच नाव पुढं करण्याची सवय, माझ्या मते, कॉलेजांतून खाली आली. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढं १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका काढल्या आणि गुणांत पहिला तो वर्ग प्रतिनिधी झाला. आज ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी कॉलेजात मतदान पाहिलेलंच नाही. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, २०१९ ला वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळं ते पुढं ढकललं गेलं.

जत तालुक्यातल्या एका शाळेत मी मासिक सभेला बसलो होतो. सभा संपत आल्यावर दोन मुलांना वर्गातून बोलावलं आणि रजिस्टर पुढं केलं. मुलानं सही केली. सातवीतली मुलगी पेन हातात धरून थांबली आणि म्हणाली, “सर, मुलींच्या संडासला आतनं कडी न्हाई.” सगळे गप्प झाले. एका आईनं विचारलं, “कवापासनं गं?” “दिवाळीपासनं.” चार महिने त्या मुली बाहेर मैत्रिणीला उभं करून जात होत्या आणि सभा दर महिन्याला होत होती. दुसऱ्या दिवशी कडी बसली.

समितीची मुदत दोन वर्षांची, आणि ती मुलगी तर सातवीतच होती. जूनमध्ये ती शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेली. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या शाळेत गेलो, तेव्हाही फलकावर तिचंच नाव होतं.