इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही?

‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे आता विज्ञानानेही मान्य केलं, असा मजकूर आणि खाली दोन चित्रं, एक सूर्यमालेचं, एक अणूचं. हा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. अणूचं चित्र आपल्या ओळखीचंच: मध्ये केंद्रक, भोवती गोल कक्षांमधून पळणारे इलेक्ट्रॉन. पण हे नील्स बोर यांनी मांडलेलं 1913 सालचं चित्र आहे आणि पुढच्या पंधरा वर्षांतच ते मागे पडलं.

केंद्रक मात्र पक्कं. 1909 साली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा (धनप्रभारित जड कणांचा) मारा केला, तेव्हा काही मोजके कण चक्क उलटे फिरले. 1911 मध्ये रदरफोर्ड यांनी त्याचा अर्थ लावला: अणूचं जवळपास सगळं वस्तुमान मधोमध एका इवल्याशा जागेत आहे. हायड्रोजनच्या अणूत तिथे एकटा प्रोटॉन असतो, इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड. तो लिंबाएवढा धरला तर अणूचा पसारा दोन-अडीच किलोमीटर भरेल.

आता खरी अडचण. ग्रहासारखा गोल फिरणारा इलेक्ट्रॉन सतत दिशा बदलतो, म्हणजेच त्याला त्वरण असतं. आणि त्वरण असलेला विद्युतप्रभार प्रारण, म्हणजे प्रकाशासारख्या लहरी, सोडून ऊर्जा गमावतो. त्या हिशोबाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या सुमारे सहा हजार कोटीव्या भागात केंद्रकात कोसळायला हवा. बोर यांनी ठरावीक कक्षांत असं होत नाही, असं गृहीत धरलं. उत्तरं बरोबर आली, कारण कळलं नाही.

कारण आहे अनिश्चिततेच्या तत्त्वात, जे हायझेनबर्ग यांनी 1927 साली मांडलं. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावं, तितकी त्याच्या संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग) व्याप्ती वाढते. जागा निम्मी केली की ही व्याप्ती दुप्पट. आणि गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती चौपट. प्रोटॉनच्या आकर्षणातून मिळणारी ऊर्जा मात्र दुप्पटच होते. हायड्रोजनचे आकडेच पाहा. 0.053 नॅनोमीटर त्रिज्येला आकर्षणाची ऊर्जा उणे 27.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) आणि गतिज ऊर्जा 13.6, बेरीज उणे 13.6. त्रिज्या निम्मी करा: आकर्षण उणे 54.4, गतिज ऊर्जाही 54.4. बेरीज शून्य! म्हणजे इलेक्ट्रॉन बांधलेलाच उरला नाही. आणखी आत ढकलला तर बेरीज धन होते. आकर्षण त्याला आत ओढतं आणि कोंडलं जाणंच त्याला बाहेर रेटतं. दोन्हींचा मेळ बसतो तो अणूचा आकार. इतकं सुंदर उत्तर मला भौतिकशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसतं.

याचा पडताळाही घेता येतो. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड असलेला त्याचा भाऊबंद. तेवढाच संवेग असला तरी वस्तुमान जास्त म्हणून त्याची गतिज ऊर्जा कमी. साहजिकच त्याला जास्त आत शिरता येतं. म्यूऑन असलेला हायड्रोजन प्रयोगशाळेत बनवला गेला आहे आणि तो नेहमीच्या अणूच्या सुमारे 186 पट लहान असतो. 2010 साली त्याच्याच मदतीने प्रोटॉनची त्रिज्या फार अचूक मोजली गेली.

आता ‘पिंडी ते ब्रह्मांडी’कडे परत येऊ. वैशेषिक दर्शनाचे प्राचीन ऋषी कणाद यांचा परमाणुविचार हे मोठं तत्त्वचिंतन होतं, आणि तो आदर तेवढ्यासाठीच राहू द्यावा. त्यांच्या सूत्रांत इलेक्ट्रॉन शोधणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

‘पडत नाही’ हेही तसं अर्धसत्यच. इलेक्ट्रॉनचा पसारा केंद्रकालाही व्यापून असतो. पोटॅशियम-40 या पोटॅशियमच्या किरणोत्सारी प्रकारात कधीकधी केंद्रकातला प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळतो, त्याचा न्यूट्रॉन होतो, एक न्यूट्रिनो (प्रभार नसलेला अतिहलका कण) निसटतो आणि उरतो आर्गॉन. हायड्रोजनमध्ये हे घडत नाही, कारण न्यूट्रॉन हा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या बेरजेपेक्षाही जड आहे. तेवढी ऊर्जा आणणार कुठून? आपल्या हवेत 0.93 टक्के आर्गॉन आहे आणि तो जवळपास सगळा पृथ्वीच्या पोटातल्या खडकांमध्ये असाच तयार झालेला आहे.