‘सेटलमेंट केली की सिबिल कोरं होतं’ : खुलासा

थकलेल्या कर्जावर बँकेशी तडजोड करून कमी रक्कम एकदम भरली आणि नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला हातात आला, की सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, साफ, नवं कर्ज मोकळं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. यात माणसं फसतात म्हणून कळकळीनं लिहितोय.

एकरकमी तडजोडीत, म्हणजे ओटीएसमध्ये, बँक उरलेली रक्कम सोडून देते. तुमचं देणं संपतं, पण सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) नव्हे, ‘सेटल्ड’ (तडजोडीनं मिटवलेलं) असं येतं. पुढचा बँकवाला नेमका तोच शब्द बघतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या परिपत्रकानुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केल्यावर तीच बँक किमान 12 महिने नवं कर्ज देत नाही.

ओटीएस हा कर्जदाराचा हक्कही नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

तरीही कधीकधी तोच शहाणा मार्ग असतो. मात्र आधी मंजुरीपत्र घ्या. ठरलेली रक्कम, शेवटची तारीख, आणि ती भरल्यावर काही बाकी राहणार नाही, हे त्यात लेखी हवं. तारीख चुकली तर सवलत जाऊ शकते. वसुलीवाल्याच्या फोनपेवर एक रुपयाही टाकू नका. थेट कर्जखात्यात भरा, पावती जपा. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फेरफार झाला का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः बघा.