बोट लागणे आणि रिकामे पोट

‘मालवणला स्कूबा डायव्हिंगला उपाशीपोटी जा, म्हणजे बोट लागणार नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. उलटीत अन्नच पडत असल्यामुळे तो पटण्यासारखा वाटतो. परंतु या मळमळीचे मूळ पोटात नसते. आतल्या कानाला बोटीचे हेलकावे जाणवतात, डोळ्यांसमोरची वस्तू मात्र स्थिर दिसते आणि या विसंगतीतून मळमळ उद्भवते. याचा पडताळा घाटातल्या प्रवासात घेता येतो: मोबाइलवर वाचताना मळमळू लागल्यास नजर दूरच्या डोंगराकडे वळवावी, पोटातले अन्न तेवढेच असूनही बहुधा बरे वाटू लागते. म्हणून हलके खाऊन निघावे, कॅमेऱ्याचे जलरोधक आवरण किनाऱ्यावरच बसवावे आणि बोटीत त्यात नजर गुंतवण्याऐवजी क्षितिजाकडे पाहावे. मळमळ रोखणारी गोळी बोट सुटण्याआधीच घ्यावी लागते. मात्र तिने येणारी गुंगी पाण्याखाली धोक्याची असल्यामुळे डॉक्टरांना डायव्हिंगचा बेत अवश्य सांगावा.