ओट्याच्या ग्रॅनाईटला फिनिश कोणतं, पॉलिश, होन की लेदर?

सोलापुरात नवीन घर बांधणारे लोक ग्रॅनाईट बघायला जातात तेव्हा सगळा वेळ रंगातच जातो, जेट ब्लॅक घ्यायचा की टॅन ब्राऊन, आणि शेवटी दुकानदार विचारतो "पॉलिश की लेदर?" तर आपण म्हणतो जे चांगलं दिसतं ते द्या. पण ओटा रोज पुसायला किती त्रास होणार, त्याच्यावर डाग किती दिसणार, हे रंगाइतकंच फिनिशवर ठरतं. म्हणून हे नीट समजून घ्या, मग ऑर्डर द्या.

आधी दगडाबद्दल थोडं. आपल्या सोलापूरच्या पायाखाली सगळा बेसॉल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, जमिनीवर येऊन पटकन थंड झाला म्हणून कण एकदम बारीक. ग्रॅनाईट मात्र जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, त्यामुळे त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसतात. तो आपल्याकडे जास्त करून कर्नाटक, तेलंगणा, आंध्रातून येतो, साडीवाल्या इलकलचा लालसर दगड त्यातलाच. त्यात मुख्य तीन गोष्टी: क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक. कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्‌ज मापावर क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६ आणि काळं अभ्रक जेमतेम अडीच-तीन. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता पॉलिश म्हणजे काय, तर काही लोकांना वाटतं वरून काहीतरी लावतात. खऱ्या पॉलिशमध्ये दगडच घासायचा असतो, आधी ५०-१०० नंबरच्या जाड पॅडने, मग २००, ४००, ८०० असं चढत चढत ३००० पर्यंत. प्रत्येक पॅड आधीच्या पॅडचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे आणखी बारीक पाडतो. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि ओरखडे त्याच्यापेक्षा बरेच लहान झाले की प्रकाशाला पृष्ठभाग सपाट वाटतो, तो एकाच दिशेने परत फिरतो आणि ट्यूबलाईट दगडात स्वच्छ दिसायला लागते. गंमत म्हणजे समोरून पडलेल्या प्रकाशातला फक्त ४-५ टक्केच भाग असा परत येतो, बाकी आत जातो, म्हणून पॉलिश केलेला काळा दगड इतका खोल काळा दिसतो. होन फिनिश, म्हणजे मॅट, यात साधारण ४०० नंबरच्या आसपास थांबतात. ओरखडे राहतात, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि तोच काळा दगड राखाडी दिसतो.

त्या राखाडी तुकड्यावर पाणी टाकून बघा, लगेच काळाभोर होतो. पाणी बारीक खड्डे भरतं, पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो आणि विखुरणं कमी होतं. तेलही नेमकं हेच करतं, पण पाणी वाळतं, तेल वाळत नाही! म्हणून काळ्या होन ओट्यावर फोडणीचे थेंब, शेंगदाणा चटणी कुटताना लागलेला तेलकट हात, सगळ्याचे गडद ठसे उमटतात. आपल्या स्वयंपाकाला काळा होन मी तरी कुणाला सुचवणार नाही.

मग काळा पॉलिश? त्याचा वैरी म्हणजे बोअरचं जड पाणी. सिंकजवळ पाणी वाळलं की मागे पांढरा कॅल्शियमचा थर राहतो आणि काळ्या आरशावर तो लांबूनही दिसतो. पुसून लगेच कोरडं करायची सवय असेल तर काळा पॉलिश घ्या, नसेल तर मध्यम रंगाचा, दाणेदार दगड पॉलिशमध्ये घ्या, टॅन ब्राऊनसारखा, त्याच्या ठिपक्यांत थर, धूळ, कणीक काहीच पटकन दिसत नाही. माझं स्वतःचं मत याच बाजूला आहे. आणि तो थर काढायला बाथरूमचं ॲसिड कधीच वापरू नका, सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं.

लेदर फिनिशमध्ये मगाचा कडकपणाचा फरक कामाला येतो. कडक ब्रश फिरवले की अभ्रकासारखे मऊ भाग जास्त झिजतात, क्वार्ट्झ उभं राहतं आणि हाताला हलके चढउतार लागतात. बोटांचे ठसे, पाण्याचे डाग यावर फार कमी दिसतात, ही जमेची बाजू. पण ज्यांच्या घरी रोज ज्वारीचं पीठ ओट्यावरच मळलं जातं त्यांनी विचार करा, खोलगट भागात पीठ वाळून बसतं आणि ते ब्रशनेच निघतं. आयलंडवर, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधल्या सुट्या ओट्यावर, डायनिंगच्या काउंटरवर लेदर मस्त, भाकरीच्या जागी नको.

अजून एक गैरसमज, पॉलिश केलं की छिद्रं बंद होतात. नाही होत. चांगला ग्रॅनाईट वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पितो, पण फिक्या रंगाचे दगड तुलनेने जास्त पितात आणि हळद तेलासोबत आत गेली की पिवळा डाग बसतो. तपासायला सोपं आहे, सॅम्पलवर पाण्याचे थेंब १०-१५ मिनिटं ठेवा, खाली दगड गडद झाला तर सीलर, म्हणजे डाग आत जाऊ न देणारा द्रव, लावावा लागणार. जेट ब्लॅकसारखे दगड फारच कमी पितात. मात्र काळ्यात रंग मारलेला माल पण विकला जातो, म्हणून पांढऱ्या कपड्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, कपडा काळा झाला तर तो स्लॅब सोडा. लिंबू पिळूनही बघा, ग्रॅनाईटला काही होत नाही, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर तो चुनखडीचा असल्याने तिथली चमक उडते.

कडेचं मोल्डिंग कोणत्या फिनिशचं होणार ते आधीच ठरवून घ्या, कारण स्लॅब लेदर आणि कड चकचकीत असं बरेचदा होतं. आणि हे कटिंग-घासाई घरातच होणार असेल तर मिस्त्रींना पाणी मारूनच करायला सांगा, बादली आणि पाईप तुम्ही द्या, मास्कही द्या. क्वार्ट्झची ती बारीक धूळ म्हणजे सिलिका, वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.