शान-नोस: शब्दांतून उमलणारी मुरकी

आयरिश लोकगायक जो हीनी यांचा जन्म १९१९ साली गॉलवे परगण्यात, कॉनेमारातल्या कार्नाजवळ झाला. घरची भाषा आयरिश. गाणं मिळालं ते वडिलांकडून आणि शेजारपाजारच्या रात्रीच्या बैठकींतून. त्या परिसरातला साठा केवढा होता पाहा: १९४०च्या दशकात शेमस एनिस या संग्राहकांनी जवळच्या ग्लिन्स्कमधल्या कोलम कीन या एकट्या माणसाकडून दोनशेहून अधिक गाणी आणि सुरावटी उतरवून घेतल्या.

या गायकीला ‘शान-नोस’, म्हणजे ‘जुनी रीत’, म्हणतात. एकच गळा, साथ नाही, बांधलेला ठेका नाही. आवाज फारसा लहानमोठा होत नाही, किंचित नाकातून येतो. भावना व्यक्त होते ती स्वर लांबवण्यातून आणि अलंकारांतून. चाली आपल्याला अगदीच परक्या वाटत नाहीत, कारण अनेकींची स्वररचना खमाज किंवा काफी थाटाशी जुळते. आपण ज्यांना कण आणि मुरकी म्हणू, तसे बारीक स्वर मुख्य स्वराभोवती फिरतात. कॉनेमारात हे काम दाट असतं, उत्तरेकडच्या डोनेगॉलमध्ये बरंच साधं.

हीनींच्या गाण्याचं आणखी एक मूळ म्हणजे मृताजवळ बायका करत तो विलाप. ‘तीन मेरींचा विलाप’ हे त्यांचं गुड फ्रायडेचं गीत ऐकताना प्रत्येक ओळीनंतर परतणारा शोकाचा उद्गार त्या प्रथेची आठवण देतो.

नवशिक्याचं हमखास चुकतं ते इथे: पहिल्या कडव्यातल्या मुरक्या पाठ करून तो त्याच पुढच्या कडव्यांवर बसवतो. पण शब्द बदलले की आघाताची जागा सरकते, आणि जुनी मुरकी नेमकी महत्त्वाच्या शब्दाला झाकून टाकते. त्यापेक्षा ओळ आधी नुसती बोलावी, आघात कुठे पडतो ते ऐकावं, मग साधी चाल लावावी. अलंकार सगळ्यात शेवटी, तेही थोडेच. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं लययंत्र, लावू नये, त्याने ओळीचा श्वासच तुटतो. स्वरलिपीवर विसंबणंही धोक्याचं, कारण ती एका वेळच्या गायनाचीच नोंद असते.

हीनी १९६५ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले, पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले, आणि १९८४ साली तिथेच वारले. त्यांची ध्वनिमुद्रणं त्या विद्यापीठाने जपली आहेत. ऐकताना शेवटच्या ओळीकडे कान द्या: कॉनेमाराचे गायक पुष्कळदा तिचे अखेरचे शब्द गात नाहीत, साध्या आवाजात बोलून टाकतात.